देवाचं रान, गावाचं पाणी



आज देवाधर्माबद्दल आणि झाडापाण्याबद्दल बोलायचं आहे. दोन्ही विषय आपल्या घरचे, पण सुरुवात मी जरा लांबून करणार आहे, पार आफ्रिकेतून. तिथे इथिओपिया नावाचा देश आहे. त्याच्या उत्तरेला मोठं पठार आहे, आपल्या सह्याद्रीहूनही उंच. माणसं शेतकरी. गहू, सातू आणि टेफ नावाचं एक धान्य पिकवतात. टेफचा दाणा आपल्या नाचणीपेक्षाही बारीक असतो. नाचणीचा विषय निघालाच आहे तर सांगते, आपली नाचणीसुद्धा मूळची पूर्व आफ्रिकेच्या त्याच डोंगराळ भागातली. हजारो वर्षांपूर्वी तिकडून आली आणि आपलीच झाली.

हे पठार वरून, विमानातून पाहिलं तर सगळीकडे तपकिरी शेतं आणि चरून चरून उघडी पडलेली जमीन दिसते. त्यात मधेमधे हिरवे ठिपके असतात. कुणी शेणाने सारवलेल्या अंगणात तुळशीची रोपं ठेवावीत तसे. आणि जवळजवळ प्रत्येक ठिपक्याच्या मधोमध एक चर्च असतं.

इथिओपियात ख्रिस्ती धर्म फार जुना, चौथ्या शतकापासूनचा. तिथल्या जुन्या पद्धतीचं चर्च गोल असतं. सगळ्यात आत गाभारा. त्यात 'ताबोत' ठेवलेला असतो. ती त्यांची अतिशय पवित्र वस्तू, तिथे पुजाऱ्याखेरीज कुणी जात नाही. गाभाऱ्याबाहेर भाविकांची जागा, त्याबाहेर अंगण, आणि अंगणाबाहेर रान. त्या लोकांच्या मनात रान हे चर्चचाच भाग आहे. झाडं म्हणजे देवाच्या घराचं वस्त्र, असं ते मानतात. झाडं नसलेलं चर्च त्यांना उघडं वाटतं. म्हणून पठारावरचं जंगल शेतीसाठी, सरपणासाठी, इमारतींसाठी तुटत गेलं, तरी चर्चभोवतीचं तेवढं राहिलं. त्यात देवदारासारखे उंच जुनिपर आहेत, रानटी ऑलिव्ह आहे, आपल्या भोकराच्या कुळातला वांझा आहे. बऱ्याच भागात जुन्या जंगलाचं बी उरलंय ते एवढ्यातच. बहुतेक रानं काही एकरांचीच, पण त्यांत मधमाश्या आहेत, पाखरं आहेत, आणि ठिकठिकाणी झरे आहेत. त्या झऱ्याचं पाणी तीर्थ म्हणून प्यायला लोक रांगा लावतात.

आता कुणी म्हणेल, बघा, धर्मामुळे जंगल वाचलं. हो, वाचलं. पण गोष्ट इथे संपत नाही, म्हणून तर मी ती तुम्हाला सांगते आहे.

अलेमायेहू वासी नावाचे इथिओपियातलेच एक वनशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी या रानांचा बारकाईने अभ्यास केला. त्यात असं दिसलं की मोठमोठी जुनी झाडं उभी आहेत, पण त्यांच्याखाली रोपं फारशी नाहीत. म्हातारी माणसं आहेत आणि पाळण्यात मूल नाही, अशा घरासारखी गत. कारण साधं होतं. गुरं रानात शिरत, कोवळं रोप खाऊन टाकत, उरलेलं तुडवत. कडेचा शेतकरी दरवर्षी नांगराचं एखादं तास आत सरकवत असे. झाड तोडायला देवाची मनाई होती, पण गाय चारायला किंवा बांध सरकवायला मनाई आहे असं कुणाला वाटत नव्हतं. त्यामुळे कुणीही कुऱ्हाड न लावता रान कडेकडेने झिजत होतं.

मग या वासींनी मेग लोमन या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंच्या जोडीने पुजाऱ्यांशी बोलायला सुरुवात केली. त्यांनी भाषणं दिली नाहीत. आकाशातून काढलेली चित्रं दाखवली. पुजाऱ्यांनी आपापलं चर्च शोधलं आणि भोवतीचा हिरवा ठिपका किती लहान उरलाय, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. तोडगा निघाला तोही गावातलाच. शेतात दगड पुष्कळ होते आणि नांगरताना त्यांचा त्रास होता. ते वेचून रानाभोवती गडगा घालायचा. कोकणातल्या बायांना गडगा काय ते सांगायला नको. शेत मोकळं झालं, गुरं बाहेर राहिली, आणि आत रोपं उठायला लागली. धर्माने सांगितलं होतं, 'रान पवित्र आहे'. पण रान कुठे संपतं, ते सांगायला गडगा लागला.

दुसरी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आज या रानांना त्रास होतो आहे तो फक्त गुरांचा नाही, भक्तीचासुद्धा आहे. जुनं गवती छपराचं लहान चर्च पाडून त्याजागी पत्र्याचं, सिमेंटचं मोठं बांधतात. त्यासाठी जागा हवी, म्हणजे झाडं जातात. येणाऱ्यांसाठी वाट रुंद होते, ओवऱ्या वाढतात. चर्चला पैसा हवा म्हणून रानाच्या कडेला नीलगिरी लावतात, कारण ती लवकर वाढते आणि विकता येते. ही नीलगिरी तिथली नव्हेच. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी मेनेलिक राजाच्या काळात राजधानीच्या सरपणासाठी ती परदेशातून आणली. नीलगिरीखाली काय उगवतं, हे तुमच्यापैकी जिच्या बांधाला ती आहे तिला विचारा.

आता इकडे या. वरचं वर्णन ऐकताना तुमच्या डोळ्यांपुढे आपली देवराई आली असेलच. कुठे तिला देवरहाटी म्हणतात, कुठे देवाचं रान, गोव्यात देवराय. काळकाईची, वाघजाईची, भैरोबाची, म्हसोबाची. गावागणिक देव वेगळा, नियम मात्र सारखे. कुऱ्हाड न्यायची नाही. पडलेलं लाकूडही उचलायचं नाही. बऱ्याच ठिकाणी वाळलेलं पानसुद्धा बाहेर काढायचं नाही.

या पानांच्या नियमाकडे जरा थांबून बघूया, कारण खरी करामत तिथे आहे. कोकणात, घाटात पाऊस थोडा पडत नाही. पण उघड्या कातळावरून, बोडक्या उतारावरून तो धावत खाली जातो, आणि शिमग्यानंतर आपण हंडे घेऊन धावतो. देवराईत पालापाचोळ्याचा जाड थर असतो, वर्षानुवर्षं कुजून त्याची काळी, भुसभुशीत माती झालेली असते. थेंब आधी पानांवर, मग वेलींवर, मग या थरावर पडतो. तो धावत नाही, मुरतो. मुळांनी माती धरलेली असते, म्हणून आत जायला त्याला वाटा मिळतात. झाड काही पाणी तयार करत नाही बरं का, उलट स्वतः पाणी पितं. पण उतारावर पावसाला थांबवून जमिनीत धाडायचं काम असं रान करतं. म्हणून पुष्कळ देवराया ओढ्याच्या उगमाशी आहेत. जुन्या माणसांनी देव बसवताना जागा कशी निवडली असेल, याचा अंदाज आपण करू शकतो. हा पाला राबासाठी, नाही तर गोठ्यात घालायला ओढून नेला, तर झाडं उभी असूनही पाणी मुरणं कमी होतं.

रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन तालुक्यात गाणी नावाचं गाव आहे. १९७०च्या दशकातली गोष्ट. गावच्या काळकाईच्या देवराईवर वनखात्याची तोड येणार होती. गावकऱ्यांनी पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्याकडे मदत मागितली. वर्तक आणि माधव गाडगीळ तेव्हा देवरायांचा अभ्यास करत होते. ते गावात गेले आणि विचारलं, तुम्हाला ही राई का राखायची आहे? लोकांनी देवीचं नाव घेतलंच, पण त्याबरोबर पाण्याचं कारणही सांगितलं. आजूबाजूचं जंगल तुटलं तसे ओढे आटले. या राईतून येणारा तेवढा वाहतो आहे. तोड थांबली. या दोघांनी १९७०च्या दशकातच सह्याद्रीतल्या देवरायांवर लिहिलं, आणि त्यानंतर देशभरात देवरायांचा अभ्यास वाढला. मला यात आवडतं ते हे, की गाणीच्या लोकांना कुणी पर्यावरण शिकवायला गेलं नव्हतं. देवी आणि ओढा ही दोन वेगळी कारणं आहेत, असं त्यांना वाटतच नव्हतं.

आपल्यावर मात्र ती दोन कारणं वेगळी होण्याची वेळ आली आहे. जीर्णोद्धार निघतो. पूर्वी देवराईत देव म्हणजे एक तांदळा, फार तर कौलारू घुमटी. आता मुंबईला गेलेली आपलीच मुलं प्रेमाने पैसे पाठवतात, आणि देवाला स्लॅब हवा, सभामंडप हवा, गाडी दारापर्यंत जायला हवी. पैसे कमी पडले की कुणीतरी म्हणतं, देवाचीच झाडं आहेत, देवाच्याच कामाला लावू. असं करून देवराया तुटल्याचं कोकणात ठिकठिकाणी नोंदलं गेलं आहे. इथिओपियात पत्र्याचं चर्च, आपल्याकडे स्लॅबचं देऊळ. धर्म वेगळे, खंड वेगळे, पण चूक अगदी सारखी. यात कुणाचा हेतू वाईट नसतो, म्हणूनच विरोध करायला जीभ उचलत नाही.

मग धर्म झाडापाण्याच्या बाजूने आहे की विरुद्ध? हा वाद जगात मोठमोठ्या माणसांनी घातला आहे. १९६७ साली लिन व्हाइट नावाच्या अमेरिकन इतिहासकाराने लिहिलं, की माणूस हा सृष्टीचा मालक आहे ही समजूत पश्चिमेकडच्या ख्रिस्ती धर्माने रुजवली आणि निसर्गाची लूट त्यातून आली. त्यावर पुष्कळ गदारोळ झाला. १९८६ मध्ये इटलीतल्या असिसी गावी बौद्ध, ख्रिस्ती, हिंदू, मुस्लीम आणि ज्यू अशा पाच धर्मांचे लोक जमले आणि प्रत्येकाने निसर्ग राखण्याबद्दल आपल्या धर्माचं म्हणणं मांडलं. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी याच विषयावर जगातल्या सगळ्याच माणसांना उद्देशून मोठं पत्र लिहिलं. इस्लाममध्ये तर 'हिमा' ही फार जुनी रीत आहे. अरबस्तानात कुरणाचा एखादा भाग राखून ठेवायचा, त्यात चराई ठरल्याप्रमाणेच करायची, आणि तो सगळ्यांच्या हितासाठी असावा, एखाद्या सरदाराच्या मालकीचा नसावा. वाळवंटातल्या माणसाला गवताची किंमत आपल्याहून जास्त कळणारच.

म्हणजे चांगलं वचन प्रत्येक धर्मात सापडतं. माझं मत विचाराल तर वचनावर फार विसंबू नये. वचन सगळीकडे आहे आणि रानं सगळीकडे तुटली आहेत. रान टिकलं ते जिथे वचनाचा नियम झाला, नियम मोडला तर कोण विचारणार हे ठरलं, आणि विचारणाऱ्यांचं स्वतःचं काहीतरी त्या रानात गुंतलेलं होतं.

थायलंडचं बघा. १९८८ साली दक्षिण थायलंडमध्ये भयंकर पूर आला, तोडलेल्या डोंगरांवरून चिखल आणि ओंडके गावांवर आले. पुढच्याच वर्षी सरकारने जंगलतोडीवर बंदी घातली. चोरटी तोड चालूच राहिली. तिथल्या काही बौद्ध भिक्खूंनी एक नवीच रीत काढली. भिक्खूला दीक्षा देताना भगवं वस्त्र देतात ना, तसं वस्त्र त्यांनी जंगलातल्या मोठ्या झाडाला गुंडाळलं. आता ते झाड तोडायचं म्हणजे दीक्षा घेतलेल्याला हात लावल्यासारखं. काही भिक्खू म्हणाले, झाडाला कधी दीक्षा देतात का, हे शास्त्रात नाही. बरोबरच होतं त्यांचं. दीक्षा देणाऱ्यांनाही ते ठाऊक होतं. पण उत्तर थायलंडमध्ये ज्या गावांत हे चाललं तिथे नुसतं वस्त्र गुंडाळून भिक्खू निघून गेले नाहीत. गावाबरोबर बसून जंगलाचे नियम केले, राखणीची पाळी लावली. यात धोकाही होता. जंगलासाठी उभ्या राहिलेल्या एका भिक्खूला १९९१ मध्ये अटक झाली.

आणि आपल्या राजस्थानातल्या बिश्नोई बाया. त्यांच्या पंथाचे एकोणतीस नियम आहेत, त्यांत हिरवं झाड तोडायचं नाही हा एक. १७३० साली जोधपूरच्या राजाची माणसं लाकडासाठी खेजडली गावात आली. खेजडी म्हणजे आपली शमी. वाळवंटात तिचा पाला गुरांना, शेंगा माणसाला, सावली पिकाला. अमृतादेवी नावाची बाई झाडाला मिठी मारून उभी राहिली आणि मारली गेली. तिच्या मुलीही गेल्या. त्या पंथाच्या सांगण्याप्रमाणे तिथे ३६३ माणसांनी जीव दिला. आपण ही गोष्ट बलिदानाची म्हणून सांगतो. मला त्यात एक बाई दिसते, जिला नियम तोंडपाठ होता आणि तो मोडताना बघून पहिला आवाज तिने केला. कुणाला विचारायला ती घरात गेली नाही.

आपल्याकडे नेमकं तेच अवघड होऊन बसलं आहे. पाणी आणतो आपण. सरपण आणतो आपण. शेवळं कुठे उगवतात, कुरडू कधी खुडायचा, बाळंतिणीला कुठला पाला लागतो, हे ठाऊक आपल्याला. पण काही देवरायांत बाईने पाऊल टाकायचं नाही, काहींत पाळीच्या दिवसांत नाही. इथिओपियातही हेच. तिथल्या ताना सरोवरातल्या काही बेटांवरच्या मठांत बाईला प्रवेशच नाही, आणि चर्चच्या रानाचे निर्णय घेणारे पुजारी सगळे पुरुष. मला हा नियम पटत नाही, हे मी स्पष्ट सांगते. पण तुमच्या गावचं तुम्ही ठरवायचं. माझं म्हणणं एवढंच, की आत जायचं की नाही हा एक प्रश्न, आणि राईबद्दल बोलायचं की नाही हा वेगळा. दुसऱ्यासाठी कुठल्याही देवाने मनाई केलेली नाही.

काही गोष्टी तर पूर्णपणे आपल्याच हातात आहेत. वटपौर्णिमेला शहरात वडाच्या फांद्या तोडून विकायला येतात, आणि आता तालुक्याच्या बाजारातही येतात. ज्या झाडाला दीर्घायुष्य मागायचं त्याचीच फांदी मोडून घरी आणायची, हे सावित्रीला तरी पटेल का? झाडाकडे चालत जा, वाटेत गप्पा होतील. जवळ वड नसेल तर गटाने एक लावा. दसऱ्याला आपट्याचं तसंच. सोनं म्हणून एक पान दिलं तरी चालतं, फांदीच्या फांदी ओरबाडायला कुणी सांगितलेलं नाही. आणि पुष्कळदा ते पान आपट्याचं नसतंच, कांचनाचं असतं.

आता देवराईचं. तुमच्या गावात जीर्णोद्धाराची बोलणी चालली असतील तर झाडं तुटायच्या आधी बोलावं लागेल, नंतर बोलून उपयोग नाही. आणि देऊळ नको असं म्हणू नका, तसं म्हणायचं कारणही नाही. देवाची घुमटी आहे तिथेच, आहे तेवढीच दुरुस्त करा. सभामंडप, पंगतीची जागा, गाड्यांची जागा गावठाणात करा, म्हातारीकोतारीही येऊ शकतील. रस्ता राईच्या कडेला थांबवा, पुढे पायवाट ठेवा. राईत शोभेची झाडं, नीलगिरी, सुरू लावू नका. तिथे नवीन लावायची गरजच नसते. गुरं, शेळ्या बाहेर ठेवल्या आणि पाला जागच्या जागी राहू दिला, की बी आपलं आपण उठतं.

हे बोलायचं कुठे? आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते, तसा कायदा आहे. पुष्कळ गावांत ती कागदावरच होते, सह्या घरी येतात. पुढच्या वेळी सही करायच्या आधी विषय विचारा आणि देवराईचा विषय घालायला सांगा. महिला सभेत झालेला ठराव मुख्य ग्रामसभेपुढे जातो. ठरावात मोघम लिहू नका. राईचा गट नंबर लिहा. जागा कुणाच्या नावावर आहे ते तलाठ्याकडून सातबाऱ्यावर बघून घ्या. कुठे ती देवस्थानाची असते, कुठे महसूल खात्याची, कुठे वनखात्याची, कुठे खाजगी, आणि कुणाला विचारायचं ते त्यावर ठरतं. राईतून निघणारा ओढा कुठल्या विहिरीला आणि किती घरांना पुरतो, ते मोजून लिहा. हे मोजमाप बायकाच करू शकतात, कारण उन्हाळ्यात त्या विहिरीवर रांगेत आपणच असतो.

शिवाय प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असायला हवी, २००२च्या कायद्याने. त्या समितीत बायकांच्या जागा आहेत. गावातल्या झाडाझुडपांची, पाखरांची, रानभाज्यांची आणि औषधांची लोक जैवविविधता नोंदवही करायची, हे तिचं काम. तुमच्या पंचायतीत ही वही आहे का ते विचारा. असेल तर देवराईचं पान उघडून वाचायला लावा. त्यात गारंबीची वेल आहे का, तिची हातभर शेंग कुणी पाहिली आहे का, झऱ्याला चैत्रात पाणी असतं की वैशाखातसुद्धा, हे सांगणाऱ्या आज्या अजून गावात आहेत तोवर ते लिहून घ्यायला हवं. गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला, की दोघी-तिघींनी वही-पेन घेऊन त्यांच्याकडे जाऊन बसा.